तीन मिलिमीटर

नाखवाकाका चित्र आणतात वर्तमानपत्रात गुंडाळून,
चराईतल्या आमच्या तळघरातल्या दुकानात,
जिथे भरदुपारीही ट्यूबलाइट चालू असते
आणि कोपऱ्यातला प्लॉटर घोरत असतो.
चित्र टेबलावर ठेवतात, पण हात काढत नाहीत.
काका, स्कॅन करायचंय, मी म्हणते.
मग एकेक बोट उचलतात.

आठ वर्षं झाली.
चेंदणीतल्या हौशी मंडळाचं दर हिवाळ्यात एक नाटक,
त्याचं एक पोस्टर,
त्यावरून एक भांडण.

पहिल्या वर्षी मी होडी कापली.
प्रयोगाच्या तारखेला जागा हवी होती.
"नाळ कापलीस," एवढंच म्हणाले आणि निघून गेले.
चहा तसाच राहिला, वर साय धरून.
मला वाटलेलं, टोकच तर गेलंय.
घरी येऊन आईला विचारलं, होडीला नाळ असते?
ती भाजी निवडत म्हणाली,
असणारच. पाण्यात उतरायचं असतं ना तिला.

दुसऱ्या वर्षी मी त्यांना ब्लीड समजावलं.
चारी बाजूंनी तीन मिलिमीटर जास्त रंगवा, काका.
कटिंगमध्ये जातं ते.
"जाणारच आहे तर रंगवू कशाला?"
नाही रंगवलं तर कडेला पांढरी रेघ दिसते.
ते बराच वेळ माझ्या स्टीलच्या पट्टीकडे बघत राहिले.

तेव्हापासून त्यांचं सगळ्यात बारीक काम
त्या तीन मिलिमीटरमध्येच असतं.
तिवराची मुळं. चिखलातली भोकं. एक निवटी, डोळे वर काढून.
एकदा तर त्यांच्या वारलेल्या भावाची टोपी,
तांदळाएवढी.
वागळे इस्टेटच्या प्रेसमध्ये
हे सगळं पट्ट्या पट्ट्या होऊन पोत्यात पडतं.
त्या वर्षी मी अख्खं पोतं उपसलं होतं.
टोपी सापडली नाही.
हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

त्यांनाही काही गोष्टी माहीत नाहीत.
त्यांना वाटतं, अक्षरं कॉम्प्युटरमध्ये असतातच,
नळात पाणी असतं तशी.
'ओहोटी' लिहायला मला चार रात्री लागल्या.
एकाही फॉन्टची वेलांटी त्यांच्या पाण्यावर टेकेना,
शेवटी हातानं काढली,
जुन्या वहीच्या मागे, बोरूनं, सोळा वेळा.
प्रयोगाला शाल त्यांना मिळाली. मी टाळ्या वाजवल्या.
खोटं कशाला सांगू, थोड्या कमीच वाजवल्या.

या वर्षी वर्तमानपत्र उलगडलं
तर वरचा अर्धा कागद मोकळा.
म्हणजे कोरा नाही. रंगवलेला मोकळा,
ओहोटीनंतर खाजणावर असतो तो रंग,
ज्याला माझ्या स्क्रीनकडे आकडा नाही.
"हे तुझं," ते म्हणाले.
"सगळं भरू नकोस मात्र. आणि ती वेलांटी
तशीच काढ, मागच्यासारखी."
म्हणजे पाहिली होती.

मी नाव खाली घेतलं, लहान, पाण्याच्या रेषेवर.
वर काहीच नाही.
आम्ही दोघं बघत बसलो.
वर काहीच नाही हे किती छान दिसत होतं.

तेवढ्यात सेक्रेटरींचा फोन.
यंदा प्रायोजक मिळालेत, फर्निचरवाले,
त्यांचा फोटो टाका. गोलात. वरती जागा आहेच की.

फोटो आला. साहेब हसत होते, हात जोडून.
मी तो आकाशात ठेवला.
चंद्र निघाला असता तर इतकं वाईट वाटलं नसतं.
प्लॉटर थांबला होता.
मला वाटलं, आता हे उठणार, चहा राहणार.

त्यांनी स्टूल ओढलं, माझ्या शेजारी,
आठ वर्षांत पहिल्यांदा खिडकीच्या या बाजूला.
चष्मा कपाळावरून खाली घेतला.
"जरा कडेला सरकव," म्हणाले.
सरकवला.
"अजून."
अजून सरकवला.
"ते तुझे तीन मिलिमीटर," त्यांनी विचारलं,
"कुठून सुरू होतात?"